कावळ्याचं अंतर

खाली सुक्या बांगड्यांचं दुकान, वर विलासिनी गिरप, करसल्लागार.
वेंगुर्ल्याच्या बाजारात जिना एवढाच अरुंद असतो.
पंखा तीनवर. फायलीवर जांभ्याचा तुकडा,
आमचा सातबारा उडू नये म्हणून.

मी म्हटलं, शेतजमिनीवर कर नसतो ना, बाई?
नसतो, म्हणाल्या, गावाकडची असेल तर.
नगरपरिषदेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आत
शेताला शेत म्हणत नाहीत. मालमत्ता म्हणतात.

दोन? मला हसूच आलं.
खाडीला वळसा, मग सड्याची चढण,
बागेत पोचायला सात किलोमीटर होतात,
आणि भरतीला कॉजवे बुडाला की तेही नाहीत.
"अंतर खयच्या वाटेन मोजतत?"
"कावळ्याच्या."

आकाशातून, सरळ रेषेत. कायद्यातच तसं आहे.
त्यांनी मोबाईलवर दोन टिंबं जोडून दाखवली:
एक पूर्णांक आठ.

बाबांच्या दहाव्याला हाच कावळा
दुपारी दोनपर्यंत पिंडाला शिवत नव्हता.
माडावर बसून बघत राहिला.
सुलक्षणाचं सगळं नीट करू, जयवंत म्हणाला. नाही.
शेवटी मी म्हटलं, बाग विकणार नाही.
तेव्हा आला.

त्याला चार वर्षं झाली.
पुण्याच्या माणसाकडे शेतकरी असल्याचा दाखला होता
(कुठल्या शेताचा, तो जाणे),
आणि एक टक्का त्यानं आधीच कापून भरला होता.

आता खरेदी किंमत सांगा, बाई म्हणाल्या.
खरेदी कसली, वारसा आहे.
मग एक एप्रिल दोन हजार एक.
त्या दिवशी बाजारात काय आली असती, ती किंमत;
सरकारी दराच्या वर मात्र जायचं नाही.
आणि विहीर? बाबांनी सुरुंग लावून कातळ फोडला होता.
ती आधीची, त्या किंमतीतच आली.
गडगा?
आला.
कलमं, तीनशे दहा, खांद्यावरच्या पाण्यानं जगवलेली?
त्याही आल्या. पावत्या असत्या तरी उपयोग नव्हता.

एक एप्रिल दोन हजार एक. रविवार होता.
मला आठवतो, कारण बाबा घळ घेऊन झाडावर होते
आणि सुलक्षणा खालून ओरडली,
बाबा, जमीन बघायला गिऱ्हाईक आलंय!
बाबा उतरले. चीक लागलेले हात लुंगीला पुसले.
शर्ट शोधला, बटणं वरखाली लागली,
आणि बेड्याशी येऊन, कोणीच दिसत नसताना,
हळूच विचारलं, किती देता म्हणाला?

एप्रिल फूल!
आम्ही पेंढ्यात लोळून हसलो. तेही हसले.
मग पुन्हा झाडावर गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत उतरले नाहीत.

हे काही मूल्यांककाला सांगण्यासारखं नाही.

बाईंनी दोन वाटा मांडल्या.
महागाई विसरून साडेबारा टक्के,
महागाई धरून वीस.
सहा महिन्यांत रोख्यात घातले तर सुटतील,
पण पाच वर्षं हात लावायचा नाही.
सुलक्षणाला हुबळीत घर घ्यायचंय, तिची वाट वेगळी.
जयवंत म्हणाला, रोखे.
मी म्हटलं, माझ्या वाट्याचा भरून टाकतो.
तो माझ्याकडे बघतच राहिला.

चलन मी बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय.
त्या जमिनीसाठी दिलेल्या पैशाची
आमच्या घरातली ही पहिली पावती.

काल गेलो होतो. जाळीचं कुंपण, फाटकावर पाटी.
आत सगळी कलमं अजून आहेत.
खांबावर कावळा होता. तोच, असं मी म्हणत नाही.
आजूबाजूला कोणी नाही असं बघून
त्याला आकडा सांगितला. कर वजा जाता,
माझ्या वाट्याला आलेला.

मान तिरकी करून त्यानं ऐकलं.
मग उडाला, पण सरळ नाही:
खाली उतारावर, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं,
सगळ्या खाडीला वळसा घालून.